मुंग्या की चौकोन? जुन्या व्हीसीआरवर टीव्ही रेकॉर्ड करताना बिघाड कसा ओळखायचा

सेट-टॉप बॉक्सवर चित्र लख्ख दिसतं. तेच व्हीसीआरवर रेकॉर्ड करून लावलं की मुंग्या, पांढरे पट्टे, वरच्या बाजूला वाकलेल्या रेषा, नाहीतर उडालेला रंग. मग मशीन पिशवीत घालून दुरुस्तीला न्यायचं आणि तिथे ऐकायचं, "हेड गेलंय काका." हेड म्हणजे कॅसेटच्या पट्टीवर चित्र लिहिणारा आणि वाचणारा भाग. हेड जातात, हे खरं आहे. पण हा निकाल सगळं तपासून झाल्यावर द्यायचा असतो. व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची कंपनी म्हणून ओळखली जाणारी जपानची फुनाई, तिनेही जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. आज नवं म्हणून बसवलं जाणारं हेड बहुतेकदा दुसऱ्या एखाद्या मशीनमधून काढलेलं असतं. कारण नसताना चांगलं हेड काढून तसलं बसवणं म्हणजे चालतं मशीन घालवणं. म्हणून आधी चित्राकडे नीट बघा. चित्र कशा प्रकारे बिघडलंय, त्यावरून बिघाड कुठे आहे ते बरंचसं कळतं.

आपलं सोलापूर हे केबल डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यातल्या ३८ शहरांपैकी एक. त्या टप्प्याची मुदत ३१ मार्च २०१३ होती. तेव्हापासून केबलच्या वायरीतून येतो तो डिजिटल सिग्नल, आणि जुन्या व्हीसीआरच्या आतल्या ट्यूनरला तो कळत नाही. दूरदर्शनचे जमिनीवरचे बहुतेक अ‍ॅनालॉग ट्रान्समीटरही आता बंद झाले आहेत. तरी कुणी ना कुणी केबलची वायर थेट व्हीसीआरच्या अँटेनाच्या भोकात खुपसतं, चॅनेल शोधत बसतं आणि पडदाभर मुंग्या बघून मशीन मेलं असं ठरवतं. मशीन ठीक असतं, त्याला ऐकू येईल असं आता हवेत किंवा वायरीत काही उरलेलं नाही. चित्र बॉक्समधूनच घ्यायचं: बॉक्सच्या मागच्या पिवळ्या, लाल आणि पांढऱ्या पिना व्हीसीआरच्या 'इन'मध्ये, व्हीसीआरच्या 'आउट'मधून टीव्हीला, आणि व्हीसीआरवर चॅनेलऐवजी एव्ही किंवा लाइन इनपुट निवडायचा.

मुंग्या आणि चौकोन

सगळ्यात उपयोगी खूण हीच आहे. डिजिटल सिग्नल कमजोर झाला तर चित्रात मुंग्या येत नाहीत. बॉक्सकडे येतात ते आकडे. थोडे चुकले तर बॉक्स ते स्वतः दुरुस्त करतो आणि चित्र जसंच्या तसं राहतं. जास्त चुकले की चित्राचे तुकडे गहाळ होतात: चौकोन पडतात, चेहरा गोठतो, आवाज तुटतो. अ‍ॅनालॉग सिग्नलचं असं नाही. तो जितका कमजोर होईल तितक्या मुंग्या वाढत जातात.

तेव्हा चौकोन दिसले तर दोष बॉक्सच्या आधीचा समजा: केबल, डिश, जोडण्या. मुंग्या दिसल्या तर दोष बॉक्सच्या नंतरचा: पिन, वायर, व्हीसीआर, कॅसेट. याला महत्त्वाचा अपवाद एकच, डीव्हीडी रेकॉर्डरचा. तो स्वतःच चौकोन पाडू शकतो. त्याच्याकडे पुढे येऊ.

बॉक्सच्या आधीचा दोष असेल तर बॉक्सच्या मेनूत सिग्नल स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी बघा. स्ट्रेंग्थ भरपूर आणि क्वालिटी कमी असेल तर वायरीत कुठेतरी गडबड आहे. पेचाची पिन सैल झालेली असते, तांब्याचा मधला तार काळा पडलेला असतो, किंवा गच्चीवरच्या जोडात पाणी शिरलेलं असतं. एका वायरीचे दोन टीव्ही करणारा स्प्लिटर साधारण साडेतीन डेसिबल खातो, म्हणजे निम्म्याहून कमी ताकद पुढे जाते. चार तोंडांचा असेल तर सातच्या आसपास. रेकॉर्डिंगच्या दिवशी स्प्लिटर काढून वायर सरळ बॉक्सला लावून बघा. डीडी फ्री डिश किंवा दुसरी कुठली डिश असेल तर जोराच्या पावसात चौकोन पडणारच. त्या लहरी पावसाच्या थेंबांत अडतात, त्यात रेकॉर्डरचा काही दोष नाही.

कॅसेट न लावता करायची तपासणी

आता बॉक्सच्या पुढे. इथे घाई केली तर सगळं गोंधळतं. एका वेळी एकच गोष्ट बदला.

पहिल्यांदा बॉक्सची पिवळी पिन थेट टीव्हीला लावा. एचडीएमआयवरचं चित्र तुलनेला घेऊ नका, पिवळ्या पिनेतून ते कधीच येणार नाही. पिवळ्या पिनेवरचं चित्र बघा आणि लक्षात ठेवा. तुमच्या रेकॉर्डरला मिळणारा कच्चा माल एवढाच आहे.

मग तीच पिन व्हीसीआरला लावा, व्हीसीआरचा आउट टीव्हीला, आणि मशीन नुसतं चालू ठेवा. प्ले नाही, रेकॉर्ड नाही. या अवस्थेत चित्र व्हीसीआरच्या सर्किटमधून आत येऊन तसंच बाहेर पडतं. हेडला किंवा पट्टीला ते शिवतही नाही. इथेच चित्र खराब दिसलं तर हेड निर्दोष सुटलं. पिन, वायर, व्हीसीआरचं सॉकेट किंवा त्याचा पॉवर सप्लाय, यांतलं काहीतरी आहे.

पिवळ्या पिनेच्या ठिकाणी घरात सापडेल ती आवाजाची पातळ वायर लावलेली असते. लहान अंतराला ती चालून जाते. हॉलच्या एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीला नेली की चित्र लिबलिबीत होतं, अक्षरांच्या उजव्या बाजूला सावली पडते. चित्रासाठी ७५ ओहमची वायर लागते. आणि एका पिनेचे दोन करणारी वाय-पिन वापरून एकाच वेळी टीव्ही आणि व्हीसीआर जोडू नका. बॉक्स एकाला पुरेल एवढा, साधारण १ व्होल्टचा सिग्नल देतो. दोघांत वाटला की प्रत्येकाला त्याचा दोन तृतीयांशच मिळतो. चित्र काळवंडतं, कधी हलायला लागतं. व्हीसीआरमधून टीव्हीकडे, अशी एकामागे एक जोडणी केली की हा प्रश्न येत नाही.

रंगच नाहीत, चित्र काळंपांढरं आहे किंवा वरखाली पळतंय, असं असेल तर बॉक्सच्या मेनूत जा. आपल्याकडची पद्धत पाल: ६२५ रेषा, सेकंदाला २५ चित्रं. बॉक्स चुकून एनटीएससीवर गेला असेल तर तो ५२५ रेषांचं, वेगळ्या पद्धतीने रंग भरलेलं चित्र पाठवतो आणि जुन्या व्हीसीआरला ते पेलत नाही. सोलापुरात नवी पेठेत मिळणाऱ्या एचडीएमआय ते एव्ही डबीवरही पाल-एनटीएससीचं एक बारीक बटण असतं, ते बहुतेकांना माहीत नसतं. ही डबी घेताना दिशा सांगून घ्या. एव्हीकडून एचडीएमआयकडे नेणारी डबी दिसायला अगदी तशीच असते, पण ती उलटी चालत नाही. आणि एचडीएमआयवरचं कॉपी रोखणारं संरक्षण चालू असलेल्या चॅनेलवर पडदा काळा राहिला तर तोही बिघाड नाही. बॉक्सची स्वतःची पिवळी पिन वापरा.

सर्किटमधून गेलेलं चित्र चांगलं आलं, तरच कॅसेट हातात घ्या. आधी अशी घ्या की जी मशीनने खाल्ली तरी जीव हळहळणार नाही. ती नीट चालली की दुसऱ्या मशीनवर भरलेली, चांगली असल्याची खात्री असलेली कॅसेट लावा. ती छान दिसली तर हेड बऱ्यापैकी शाबूत आहे. मग पाच मिनिटं नवीन रेकॉर्डिंग करून लावून बघा. जुनी कॅसेट छान आणि नवीन रेकॉर्डिंग खराब असेल तर आधी कोरी कॅसेट बदला, नंतर हेडच्या झिजेचा विचार करा. रेकॉर्ड करताना आणि दाखवताना तेच हेड कामाला लागतं, त्यामुळे झिजेचा तोटा दोनदा होतो. आणि नवीन रेकॉर्डिंग स्वतःच्या मशीनवर उत्तम पण शेजाऱ्याच्या मशीनवर खराब, असं झालं तर पट्टीला वाट दाखवणारे खुंट जागचे हललेत. हे लवकर दुरुस्त करून घ्या. नाहीतर आज भरलेल्या कॅसेटी हे मशीन गेल्यावर कुठेच नीट लागणार नाहीत.

व्हीसीआरकडून किती मागायचं

सगळं जागेवर असूनही चित्र मऊच दिसतं, अशी तक्रार येते. ती खरी आहे आणि तिच्यावर इलाज नाही. व्हीएचएस, म्हणजे आपल्या या कॅसेटींची पद्धत, बाजारात आलं १९७६ मध्ये. अर्ध्या इंचाची पट्टी सेकंदाला जेमतेम २३ मिलिमीटर सरकते. एवढ्या संथ पट्टीवर चित्र मावत नाही, म्हणून ६२ मिलिमीटरचा ड्रम सेकंदाला २५ वेळा फिरवतात आणि त्यावर समोरासमोर बसवलेली दोन हेडं पट्टीवर तिरक्या रेघा ओढतात. प्रत्येक रेघ म्हणजे अर्धं चित्र. रेघेची रुंदी ४९ मायक्रोमीटर, आपल्या केसाहूनही कमी. इतकं करूनही आडव्या दिशेला सुमारे २४० रेषांएवढाच बारकावा टिकतो. रंगाचे हाल त्याहून जास्त. ४.४३ मेगाहर्ट्झवर येणारा रंग मशीन ६२७ किलोहर्ट्झच्या आसपास खाली उतरवून लिहितं, त्यामुळे तो रेषेबाहेर सांडतो. लाल रंगात हे लगेच दिसतं.

आजच्या बातम्यांच्या चॅनेलवर खालून सरकणारी अक्षरं मोठ्या एचडी पडद्यासाठी आखलेली असतात. ती पिवळ्या पिनेतून आणि मग व्हीएचएसच्या पट्टीतून गेली की शिरोरेषा आणि वेलांट्या एकमेकींत मिसळतात. अक्षरं वाचता येत नाहीत म्हणून हेड बदलू नका. बॉक्सच्या मेनूत चित्राचा आकार मात्र तपासा. रुंद चित्र चौकोनी पडद्यात दाबून भरलेलं असेल तर माणसं उभट दिसतात. वरखाली काळ्या पट्ट्या ठेवल्या तर माणसं नीट दिसतात, पण चित्राच्या वाट्याला रेषा कमी येतात. मी काळ्या पट्ट्या पत्करतो.

आपल्या हातात असलेली मोठी गोष्ट म्हणजे वेग. एलपीवर, म्हणजे संथ वेगावर टाकलं की ई-१८० कॅसेटमध्ये तीनऐवजी सहा तास मावतात, पण पट्टीचा वेग आणि रेघेची रुंदी दोन्ही निम्मी होतात. जे जपायचं आहे ते एसपीवर, म्हणजे नेहमीच्या वेगावरच भरा. रेकॉर्डिंगआधी कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन परत मागे आणा, म्हणजे पट्टीचा ताण सारखा होतो. पहिली एक-दोन मिनिटं मोकळी सोडा. पट्टी सगळ्यात जास्त चुरगळते ती तिथेच.

हेडवर संशय कधी घ्यायचा

आवाज स्वच्छ आणि चित्रात नुसत्या मुंग्या असतील तर हेडवर संशय घ्या. साध्या व्हीसीआरमध्ये आवाजाचं हेड वेगळं आणि जागेवर स्थिर असतं, म्हणून चित्राचं हेड बुजलं तरी आवाज येत राहतो. पण बुजलेलं हेड म्हणजे गेलेलं हेड नव्हे. सोलापूरच्या पूर्व भागात मागाच्या शेजारी घर असेल तर हवेत सुताची धूळ कायम असते. तिच्यात उन्हाळ्याचा फुफाटा मिसळतो आणि केसाहून बारीक रेघ वाचणाऱ्या हेडच्या फटीत तेवढी धूळ पुरते.

साफ करायला ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सोडणारं मऊ कातडं किंवा फोमची काडी घ्या. कापसाची काडी नको, तिचा तंतू हेडमध्ये अडकून हेड तुटतं. आधी प्लग काढा. ओलं कातडं ड्रमवर हलकेच, स्थिर धरा आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरून फिरवा. कातडं वरखाली घासायचं नाही, अजिबात नाही. पूर्ण वाळल्याशिवाय कॅसेट घालू नका. रबराच्या रोलरला अल्कोहोल लावलं तर रबर कडक होतं, त्याला पाण्याने किंचित ओलसर केलेलं फडकं पुरे. कोरड्या क्लीनिंग कॅसेटा हेड घासून साफ करतात. त्या पुन्हा पुन्हा वापरू नयेत.

मुंग्या पडदाभर नसून एका आडव्या पट्ट्यात असतील आणि ट्रॅकिंगचं बटण फिरवल्यावर तो पट्टा वरखाली सरकत असेल तर हेड तिरक्या रेघेवरून घसरतंय. ट्रॅकिंग, म्हणजे हेड नेमकं रेघेवर आणणं, ते जमवा. जमूनही पट्टा खालच्या कडेला चिकटूनच राहिला तर पुन्हा तेच, वाट दाखवणारे खुंट. क्षणभर चमकून जाणाऱ्या बारीक पांढऱ्या रेघा म्हणजे पट्टीवरचा मसाला तेवढ्या जागी निघालाय. त्या कॅसेटवर नवीन काही भरू नका.

चित्राचा फक्त वरचा भाग एका बाजूला झुकतो, हा दोष गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या रेकॉर्डिंगमध्ये लगेच नजरेत भरतो. नंदीध्वज उंच आणि सरळ, आणि पडद्यावर त्याचा शेंडाच वाकलेला. याचं कारण पट्टीचा ताण. रेकॉर्डिंगच्या वेळी होता त्यापेक्षा दाखवताना कमीजास्त झाला की प्रत्येक अर्ध्या चित्राची सुरुवात वेळेवर होत नाही, आणि ती चूक वरच्या रेषांत दिसते. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही ती पटकन सावरून घेत असे. एलईडी टीव्ही तेवढा सोशिक नाही. म्हणून एकच कॅसेट जुन्या टीव्हीवर सरळ आणि नव्यावर वाकडी दिसू शकते.

चित्र दर दोन-चार सेकंदांनी उजळतं आणि मंदावतं, आणि कॅसेट विकतची सिनेमाची आहे, असं असेल तर ती कॉपी रोखण्याची युक्ती आहे. रेकॉर्डरला मिळणारी उजेडाची पातळी मुद्दाम गोंधळात टाकलेली असते. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

जाडे, संथ सरकणारे पट्टे

हे वेगळे. मुंग्यांचे नव्हेत, सावलीसारखे. आपली वीज ५० हर्ट्झची आणि पालमध्ये अर्धी चित्रंही सेकंदाला ५०. त्यामुळे विजेची गुणगुण चित्रात शिरली की तिचा पट्टा जवळजवळ स्थिर उभा राहतो किंवा सावकाश सरकतो. बॉक्सला आलेली केबलची वायर काढा आणि एखादी कॅसेट लावून बघा. पट्टा गेला तर केबलचं बाहेरचं कवच आणि घराचं अर्थिंग यांच्यात विजेचा फरक आहे. वायरीत बसवायचा आयसोलेटर मिळतो, तो केबलवाल्याकडून लावून घ्या. प्लगची अर्थिंगची पिन कापून पट्टा घालवण्याचा सल्ला कुणी दिला तर तो मानू नका, त्यात जिवाला धोका आहे.

केबल काढूनही पट्टा राहिला, सुरुवातीला जास्त आणि मशीन तापल्यावर कमी होत असेल तर पॉवर सप्लायमधले कपॅसिटर वाळलेत. चाळीस अंश पार करणाऱ्या उन्हाळ्यांत वर्षानुवर्षं चाललेल्या मशीनमध्ये हे होतंच. काम स्वस्त आहे, पण ते स्वतः करू नका. प्लग काढल्यावरही त्या भागात तीनशे व्होल्टच्या आसपास वीज साठून राहते.

डीव्हीडी रेकॉर्डर

यात हेडची झीज नाही, मुंग्याही नाहीत, पण हिशोब कडक आहे. ४.७ जीबीच्या डिस्कवर एक तास भरला तर सेकंदाला सुमारे १० मेगाबिट वाट्याला येतात, दोन तास भरले तर पाच, सहा तास भरले तर पावणेदोनच्याही खाली. बातम्या देणारा माणूस बसल्या जागी बोलत असेल तर कमी बिटही पुरतात. पण गड्ड्यातल्या अक्षता सोहळ्याची गर्दी, पांढऱ्या बाराबंदीतली हलणारी शेकडो माणसं, रात्री होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम, यांत पडद्याचा कणन्‌कण बदलत असतो आणि रेकॉर्डर चौकोन पाडून मोकळा होतो. अशा वेळी एक किंवा दोन तासांचाच मोड घ्या. आत येणाऱ्या चित्रात मुंग्या असतील तर रेकॉर्डर त्यांनाही हालचाल समजून त्यांच्यावर बिट उधळतो, म्हणून वायर इथेही आधी सुधारायची. आणि फायनलाइझ केल्याशिवाय, म्हणजे रेकॉर्डरच्या मेनूतून डिस्क बंद करून पक्की केल्याशिवाय, ती डिस्क दुसऱ्या प्लेअरवर लागेल असं धरून चालू नका.

कॅसेटवरून कॅसेट काढणं मात्र टाळा. कार्बनखालच्या तिसऱ्या प्रतीसारखं होतं, दर वेळी थोडं आणखी पुसट. प्रत हवी असेल तर यूएसबी कॅप्चर, म्हणजे व्हीसीआरचं चित्र संगणकात नेणारी डबी, लावून संगणकावर घ्या: पाल, ७२० बाय ५७६. हलत्या माणसांच्या कडेला कंगव्यासारख्या रेषा दिसतील. ती दोन अर्धी चित्रं आहेत. मूळ फाइल तशीच ठेवा आणि रेषा काढलेली प्रत वेगळी बनवा. अगदी खालच्या काही रेषा फाटलेल्या दिसतात, तिथे एक हेड थांबून दुसरं सुरू होतं. जुना टीव्ही तो भाग चौकटीआड लपवत असे. कॅप्चर मध्येच तुटत असेल किंवा आवाज पुढेमागे होत असेल तर मधे डीव्हीडी रेकॉर्डर जोडून बघा. काही रेकॉर्डर डळमळीत सिग्नल सावरून पुढे पाठवतात.

कॅसेट लावण्याआधी तिच्या खिडकीतून रिळाकडे बघायची सवय ठेवा. पांढरट भुरी दिसली तर ती बुरशी आहे. तशी कॅसेट मशीनमध्ये गेली तर हेडही माखतं आणि पुढच्या कॅसेटीही. चांगल्या कॅसेटी पत्र्याखालच्या माळ्यावर न ठेवता खालच्या खोलीत, उभ्या ठेवा. जपायच्या कॅसेटच्या मागच्या कडेचा प्लास्टिकचा चौकोनी तुकडा तोडून टाका, म्हणजे तिच्यावर चुकून दुसरं काही भरलं जात नाही. जुन्या कॅसेटींवर त्या भोकावर कुणीतरी चिकटपट्टी लावलेली असते. ती आधी काढा, कारण पट्टी असेपर्यंत मशीन त्या कॅसेटवर रेकॉर्डिंग करू देतं.